शेवट ठाऊक असलेली नायिका

इतिहासावरची कादंबरी हाती घेणाऱ्या मराठी वाचकाला तिचा शेवट आधीच ठाऊक असतो. रणजित देसाईंची 'स्वामी' उघडण्यापूर्वीच माधवराव थेऊरला जाणार आणि रमाबाई सती जाणार हे त्याला माहीत असते. ना. सं. इनामदारांची 'राऊ' वाचताना नर्मदाकाठचे रावेरखेडी मनातून हलत नाही, आणि विश्वास पाटलांच्या 'पानिपत'मध्ये विश्वासरावांना गोळी लागणार हे पहिल्या पानापासून डोक्यात असते. तरीही तो वाचतो. जे त्याला कळलेले आहे ते कादंबरीतल्या माणसांना कळलेले नाही, एवढ्या एका गोष्टीने त्याचा जीव कासावीस होतो. तोंग ह्वा या चिनी लेखिकेने २००५ मध्ये 'बूबू चिंगशिन' ही आपली पहिली कादंबरी इंटरनेटवर क्रमशः लिहायला घेतली, तेव्हा तिने या वाचकालाच उचलून थेट कथानकात नेऊन ठेवले. आजच्या काळातली एक नोकरदार मुलगी बादशाही राजवाड्यात जाऊन पडते. तिथल्या राजपुत्रांपैकी गादीवर कोण बसणार आणि कोण कैदेत मरणार हे तिला माहीत असते, आणि तरीही ती त्यांच्याच प्रेमात पडते. या कादंबरीची ताकद आणि तिचे दुबळेपण, दोन्ही या एका कल्पनेतून निघतात असे माझे म्हणणे आहे. भविष्याचे ज्ञान नायिकेला ओझे म्हणून वाहावे लागते तिथे ही कादंबरी मोठी होते. त्या ज्ञानाची किंमत नायिकेखेरीज आणखी कोणी मोजली याचा तिला विसर पडतो तिथे ती कमी पडते.

कथानक थोडक्यात सांगायला हवे. शेन्झेनमधली पंचविशीतली चांग श्याओ एका अपघातानंतर शुद्धीवर येते ती १७०४ मधल्या बीजिंगमध्ये, रुओशी नावाच्या तेरा वर्षांच्या मांचू सरदारकन्येच्या देहात. चीनवर तेव्हा छिंग घराण्यातल्या कांग्शी बादशहाचे राज्य होते. हा बादशहा १६६१ ते १७२२ अशी एकसष्ट वर्षे गादीवर राहिला. क्रमांक मिळालेले त्याचे मुलगेच २४ होते आणि कादंबरीत ते पुष्कळदा क्रमांकानेच ओळखले जातात. युवराजाला त्याने १७०८ मध्ये पदावरून काढले, १७०९ मध्ये पुन्हा बसवले आणि १७१२ मध्ये कायमचे दूर केले. मधल्या काळात बाकीच्या राजपुत्रांत गादीसाठी जी चुरस लागली तिच्यातून शेवटी चौथा राजपुत्र पुढे आला आणि योंगचेंग बादशहा झाला. आठव्याचे हाल झाले. नव्या बादशहाने त्याला बादशाही घराण्यातून काढले, त्याला हिणकस नाव घ्यायला लावले, आणि १७२६ मध्ये तो कैदेत मेला. चिनी वाचकांना हे सारे तोंडपाठ होते, कारण योंगचेंगवरच्या १९९९ च्या गाजलेल्या दूरदर्शन मालिकेने हा भाऊबंदकीचा इतिहास घरोघरी पोचवला होता. रुओशीची बहीण आठव्या राजपुत्राची दुय्यम पत्नी असते, म्हणून रुओशी त्याच्या वाड्यात राहते आणि पुढे बादशहाच्या सेवेत चहा देणारी दासी होते. आधी तिचे मन आठव्यावर जडते, नंतर चौथ्यावर. तेरावा तिचा जिवाभावाचा मित्र होतो आणि चौदावा शेवटच्या दिवसांत तिला आसरा देतो.

नगरच्या वाचकाला हे फार दूरचे वाटायचे कारण नाही. कांग्शीच्या दरबारात हा पेच चिघळत होता त्याच सुमारास दुसरा एक म्हातारा बादशहा नगरला तळ देऊन बसला होता. जानेवारी १७०६ मध्ये औरंगजेबाची छावणी इथे आली आणि ३ मार्च १७०७ रोजी तो इथेच मेला. देह खुलदाबादला नेला, भिंगारजवळच्या जागेला आलमगीर हे नाव राहिले. मरणापूर्वी काही दिवस त्याने आपल्या मुलांपैकी कामबक्षाला विजापूरकडे आणि आजमला माळव्याकडे रवाना केले. आपल्या डोळ्यांदेखत दोघे एकमेकांवर तुटून पडू नयेत ही धास्ती त्यामागे होती. आजमने मुद्दाम सावकाश मजला मारल्या, खबर मिळताच तो मागे फिरला, नगरलाच त्याने स्वतःला बादशहा म्हणून जाहीर केले, आणि जून महिन्यात आग्र्याजवळ जाजऊच्या लढाईत मुअज्जम या भावाशी लढताना तो मारला गेला. कामबक्षही १७०९ मध्ये हैदराबादजवळ संपला. याच छावणीत येसूबाई आणि शाहू होते, १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हापासून कैदेत. औरंगजेबाची मुलगी झीनतुन्निसाही तिथे होती. म्हातारा बाप, टपून बसलेले मुलगे, कनातींच्या आड जगणाऱ्या बायका आणि बाहेर घिरट्या घालणाऱ्या मराठी फौजा असा तो मुक्काम होता. तोंग ह्वाने जो प्रसंग बीजिंगमध्ये उभा केला त्याचा सख्खा भाऊ शोभेल असा प्रसंग त्याच दशकात आपल्या भुईकोट किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर घडत होता. म्हणून या कादंबरीचे गुणदोष जोखायला भिंगारची छावणी मला फार उपयोगाची वाटते. आजची एखादी नगरची मुलगी फेब्रुवारी १७०७ मध्ये त्या छावणीत जाऊन पडली तर तिच्यापुढे काय काय येईल हे विचारले की तोंग ह्वाला काय साधले आणि काय निसटले ते स्वच्छ दिसू लागते.

साधलेले आधी पाहू. छावणीतली ती मुलगी येसूबाईंपुढे उभी राहिली असे समजा. काही महिन्यांत शाहू सुटणार हे तिला ठाऊक आहे. येसूबाईंची सुटका मात्र १७१९ पर्यंत व्हायची नाही, हेही ठाऊक आहे. सांगावे की सांगू नये? पहिले सांगितले तर आईला धीर येईल, आणि दुसरे लपवल्याचा सल मुलीला जन्मभर लागेल. दोन्ही सांगितले तर आणखी बारा वर्षांची कैद आईला आजच भोगायला लावल्यासारखे होईल. या पेचात कोणताही चमत्कार नाही. माणसामाणसांतला हा साधा, पण सुटायला अशक्य असा गुंता आहे, आणि 'बूबू चिंगशिन'चा पहिला मोठा गुण असा की तिने हा गुंता शेवटपर्यंत सोडलेला नाही. रुओशी आठव्या राजपुत्राला गादीचा नाद सोडायला सांगते. कारण सांगता येत नाही, म्हणून ती त्याच्यापुढे फक्त निवड ठेवते: मी की गादी. तो गादी सोडत नाही. निरोप घेताना प्रेमापोटी ती त्याला चौथ्या राजपुत्राचे आणि त्याच्या काही माणसांचे नाव घेऊन सांगते की यांच्यापासून सावध राहा. त्या सावधगिरीतूनच आठव्याची बाजू चौथ्याविरुद्ध डाव टाकते, तेरावा तो आळ स्वतःवर घेतो, आणि कादंबरीत त्याला दहा वर्षे नजरकैद भोगावी लागते. ज्या मित्रासाठी रुओशीने जीव टाकला असता त्याची दहा वर्षे तिच्याच शब्दांनी खाल्ली, हे तिला फार उशिरा कळते. आठव्याला वाचवण्यासाठी सांगितलेले सत्य त्यालाही वाचवत नाही आणि तेराव्याला बुडवते. तोंग ह्वाने इतर काही लिहिले नसते तरी या एका रचनेसाठी तिचे नाव राहायला हवे.

राजकारणात पुढचे आधी दिसणे किती घातक असते हे आपल्याला नगरच्याच इतिहासाने दाखवले आहे. डिसेंबर १५९५ मध्ये शहजादा मुरादच्या फौजेने वेढा घातला तेव्हा चांदबिबीने किल्ला लढवला आणि वऱ्हाड देऊन तह केला. पुढे १६०० मध्ये दानियालचा वेढा पडला तेव्हा किल्ला आता टिकायचा नाही हे तिला इतरांच्या आधी उमगले होते. इतिहासकार फरिश्त्याने दिलेली हकीकत अशी की आतल्या लोकांच्या जिवाची हमी घेऊन किल्ला खाली करावा असा विचार तिने हमीदखानाजवळ बोलून दाखवला. तो 'बाई मोगलांना फितूर झाली' अशी हाकाटी करत बाहेर धावला आणि खवळलेल्या शिपायांनी तिला तिच्या महालात घुसून मारले. त्यानंतर लवकरच, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, किल्ला पडला. तिला जे दिसत होते ते खरेच होते. ज्यांना ते दिसत नव्हते त्यांच्या दृष्टीने ती फितूर होती. रुओशीच्या बाबतीत नेमके असेच घडते. फरक एवढाच की तिला ते दिसण्याचे कारण अद्भुत आहे. सत्तेच्या जागी ज्ञान हे केवळ ज्ञान राहत नाही, कोणाच्या तरी हातातले हत्यार होते, हे या कादंबरीला पुरते कळले आहे. प्रेमकथा म्हणून बाजूला सारल्या जाणाऱ्या पुस्तकात राजकारणाची एवढी जाण क्वचित सापडते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. सगळे ठाऊक असूनही जी काहीच बदलू शकत नाही तिला नायिका का म्हणायचे? मराठीत या आक्षेपाला बळ देणारी कथा आहे: जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. तिथे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा जगात पोचतात जिथे विश्वासरावांना गोळी लागलेलीच नाही, ती कानाजवळून निसटून गेली आहे. पानिपत मराठ्यांनी जिंकले आहे आणि पुढचा सारा हिंदुस्थान वेगळा झाला आहे. एका गोळीची वाट बोटभर बदलली की शतके बदलतात. नारळीकरांना विज्ञानाच्या अंगाने हेच सांगायचे होते की एका घटनेच्या अनेक शक्यता असतात आणि आपण त्यातल्या एकाच शक्यतेत जगत असतो. तोंग ह्वाने नेमका उलटा मार्ग घेतला. तिच्या जगात इतिहासाला फाटे फुटत नाहीत. रुओशीने केलेली प्रत्येक धडपड ठरलेल्या शेवटातच मुरते. दोन्ही मार्ग लेखकाला खुले आहेत, आणि जिला प्रेमाची गोष्ट सांगायची आहे तिला दुसरा मार्गच लाभतो, असे मला वाटते. गंगाधरपंतांना जिंकलेले पानिपत पाहून विस्मय वाटतो. तो बुद्धीचा विस्मय आहे, त्यात कोणा एका माणसाच्या जिवाची घालमेल नाही, आणि कथेला ती नकोही आहे. रुओशीला घालमेलच भोगायची आहे. आठवा राजपुत्र वाचू शकला असता, तर त्याच्याकडे पाहताना तिच्या मनात जे होते ते उरले नसते. शिवाय तिची असहायता ही निष्क्रियता नव्हे. बादशहा चौदाव्या राजपुत्राशी तिचे लग्न ठरवतो तेव्हा ती ते फर्मान नाकारते आणि त्यापायी राजवाड्याच्या धोबीखान्यात सात वर्षे कपडे धुते. देशाचा इतिहास तिला बदलता येत नाही, स्वतःच्या आयुष्यातली एक गोष्ट मात्र ती हट्टाने बदलते, आणि त्याची किंमत इतिहासाला नव्हे, स्वतःच्या हातांना मोजायला लावते.

दुसऱ्या गुणाकडे पुष्कळांचे लक्ष जात नाही. या कादंबरीतला राजवाडा हे कामाचे ठिकाण आहे. रुओशी चहा देते. कोणत्या राजपुत्राला कोणता चहा रुचतो, कोणाचा पेला कसा हवा, बादशहाचा स्वर आज कसा आहे, दालनात कोणी कोणाकडे पाहिले आणि कोणी मुद्दाम पाहिले नाही, हे सारे तिला बिनचूक टिपावे लागते. चूक झाली तर मार आहे, फार चांगले झाले तरी धोका आहे, कारण फार चांगली सेविका बादशहाच्या नजरेत भरते. शेन्झेनच्या कचेरीत काम करणाऱ्या मुलीला साहेबांचा मूड ओळखण्याची, तोंड बंद ठेवण्याची आणि सहकाऱ्यांच्या गटबाजीतून वाट काढण्याची जी सवय असते ती इथे थेट उपयोगी पडते. नायिकेला जुन्या काळात पाठवणारे बरेच लेखक तिच्याजवळ औषधे, तंत्रज्ञान, गणित यांची शिदोरी देतात आणि तिच्याकडून चमत्कार करवतात. तोंग ह्वाने तिला नोकरीतली सावधगिरी दिली. ज्या तरुण नोकरदार मुलींनी ही कादंबरी उचलून धरली त्यांना राजपुत्रांइतकीच ही चहाची तबके ओळखीची वाटली असणार. चहा हातात घेऊन दालनात शिरतानाची पावले, नजर खाली, कान उघडे: अशा जागी लेखिकेचे गद्य सगळ्यात सच्चे आहे, आणि कादंबरीचे नाव सुचवते ती पावलोपावलीची धडधड तिथे ऐकू येते.

आता दोष पाहू. पहिला असा की रुओशीवर सगळ्यांचाच जीव जडतो. आठवा, चौथा, चौदावा, शिवाय तेराव्याची मैत्री, दहाव्याचे कोवळे आकर्षण आणि बादशहाची मर्जी, एवढे सगळे एका दासीच्या वाट्याला येते. सुरुवातीला याला कारण आहे. तिचे वागणे तिथल्या मुलींसारखे नाही, ती भांडते, मोकळी हसते, त्यामुळे ती वेगळी दिसणारच. पण ती राजवाड्याची रीत जसजशी अंगी बाणवते, तसतसे हे वेगळेपण मावळायला हवे होते आणि त्याबरोबर लोकांची ओढही. लेखिका ओढ तशीच ठेवते आणि कारण काढून घेते. एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. कांग्शी रुओशीला विचारतो की आपण थोर राजे आहोत का, आणि अडचणीत सापडलेली ही मुलगी त्याला विसाव्या शतकातल्या माओ त्से-तुंगच्या कवितेतल्या ओळी ऐकवते. त्या कवितेत चीनच्या मोठमोठ्या बादशहांच्या उणिवा दाखवून खरे थोर पुरुष आजच्या काळात शोधा असे सुचवले आहे. रुओशी ती कांग्शीच्या स्तुतीसाठी वापरते आणि बादशहा खूश होतो. प्रसंग चटपटीत आहे, वाचकाला मजा येते, पण विचार केला तर चटका बसतो. बादशाही संपवणाऱ्या काळातली कविता बादशहापुढे सादर करताना या मुलीच्या मनात तसूभरही कालवाकालव होऊ नये? जिला उद्याचे सगळे ठाऊक आहे तिने स्वतःच्या काळातून काय आणले याचा हिशेब कादंबरी इथे मागतच नाही. चांग श्याओ लवकरच पुसली जाते. तिचे आईबाप, तिची नोकरी, तिचे शहर यांची आठवण अधूनमधून येते आणि विरते. माणूस तीनशे वर्षे मागे गेला तर त्याला सगळ्यात आधी आणि सगळ्यात शेवटी स्वतःचे घर आठवेल. ही उणीव कसबाची नाही, कल्पनेची आहे, म्हणून मला ती जास्त खटकते.

दुसरा दोष याहून खोल आहे. भिंगारच्या छावणीत पडलेल्या मुलीला कनातीबाहेर पाऊल टाकताच दख्खन दिसली असती. १७०२ ते १७०४ या वर्षांत इथे दुष्काळ आणि रोगराई होती. पंचवीस वर्षांच्या लढाईने गावे उजाड झाली होती आणि बादशाही लवाजम्याच्या वैरणीसाठी आसपासचा मुलूख खरवडून निघत होता. राजपुत्रांतल्या चुरशीची गोष्ट सांगताना हे बाजूला ठेवता येत नाही, कारण राजपुत्र ज्यासाठी भांडत होते ते हेच होते: या मुलखावर हुकूम चालवण्याचा अधिकार. 'बूबू चिंगशिन'मध्ये चीन नावाचा देश जवळपास नाही. वायव्येकडच्या स्वाऱ्या राजपुत्रांना कीर्ती मिळवून देण्यापुरत्या येतात, प्रजा आकड्यापुरती आणि नोकरचाकर निरोपापुरते. यावर कोणी म्हणेल की ही प्रेमकथा आहे, तिच्याकडून शेतसाऱ्याची अपेक्षा कशाला? हा आक्षेप मला मान्य झाला असता, जर कादंबरीने खऱ्या राजांची खरी नावे घेतली नसती. काल्पनिक राज्य रचून तिथे हवे तेवढे प्रेम रंगवायला कोणाचीच हरकत नाही. पण योंगचेंगचे नाव घेतले की त्याच्या हुकमाचे वजनही घ्यावे लागते. 'राऊ'मध्ये बाजीराव आणि मस्तानीची कहाणी आहे, पण पुण्यातला ब्रह्मवृंद, कर्ज आणि मोहिमा यांचा दाब त्या प्रेमावर सतत असतो, म्हणूनच ते प्रेम खरे वाटते. ऐतिहासिक प्रेमकथेला आजूबाजूचे जग जड होत नाही, उलट तेच तिला वजन देते.

याबाबत लेखिकेच्या बाजूने एक सबळ पुरावा आहे, तो दडवून चालणार नाही. युथान ही रुओशीची सोबतीण दासी. ती नवव्या राजपुत्रासाठी हेरगिरी करत होती हे उघड होते. त्याने कधीकाळी तिच्या घरच्यांवर उपकार केलेले असतात आणि ती ते फेडत असते. योंगचेंग तिला वाफेवर जिवंत शिजवून मारण्याची शिक्षा देतो. ज्या माणसावर रुओशीचे प्रेम आहे, ज्याच्यासाठी तिने आठव्याला मागे टाकले, त्यानेच हा हुकूम दिलेला असतो. इथे कादंबरी एकदम जागी होते. गादीच्या खेळात हलणारी प्यादी ही हाडामांसाची माणसे असतात हे लख्ख समोर येते आणि रुओशीचे प्रेम त्यातून सावरत नाही. युथानचा प्रसंग वाचताना लेखिकेला सगळे कळत होते हे पटते. म्हणूनच तक्रार वाढते. जिला हे कळते तिने धोबीखान्यातली सात वर्षे इतक्या थोडक्या जागेत का उरकावीत? राजवाड्यातल्या सगळ्यात खालच्या माणसांत नायिकेला प्रत्यक्ष नेऊन ठेवले होते. गारठलेल्या पाण्यात हात बुडवणाऱ्या बायकांची नावे, त्यांची भांडणे, त्यांनी एकमेकींना दिलेला आधार हे लिहिण्याची संधी आयती चालून आली होती. लेखिका बादशहाच्या मृत्यूची वाट पाहते आणि नायिकेला पुन्हा राजमहालात आणते. एका चहाच्या तबकासाठी जिने पानेच्या पाने दिली तिने कपड्यांच्या ढिगासाठी ती द्यायला हवी होती.

कालप्रवासाच्या मालिकांवर खुद्द चीनमध्ये एक निराळा आक्षेप घेतला गेला. २०११ मध्ये तिथल्या प्रसारण खात्याने अशा मालिका इतिहास गांभीर्याने घेत नाहीत, मनमानी कथा रचतात, अशी टीका केली. 'बूबू चिंगशिन'वरची मालिका त्याच वर्षी हूनान वाहिनीवर आली आणि अफाट गाजली. हा आक्षेप मला पटत नाही आणि त्याचे कारण स्पष्ट करायला हवे, कारण मी वर केलेली टीका वरवर पाहता त्याच्यासारखी भासेल. इतिहासाशी खेळणे हा दोष नाही. नारळीकरांनी पानिपतच जिंकून दाखवले आणि त्यातून इतिहासाविषयीची आपली समज वाढलीच. एखाद्या सरकारी खात्याने कोणता भूतकाळ कसा कल्पावा हे ठरवू लागणे कादंबरीपेक्षा इतिहासालाच जास्त घातक आहे. माझी तक्रार वेगळी आहे. या कादंबरीने जो खेळ मांडला तो तिने पुरता खेळला नाही. आजच्या मुलीला मागे पाठवायचे तर आजची नजरही तिथे जायला हवी. हुकूमशाही, गुलामी, बायकांचे बाजारासारखे वाटप यांकडे पाहणारी नजर रुओशीजवळ होती. ती युथानच्या वेळी उघडते आणि इतर वेळी राजपुत्रांच्या चेहऱ्यांवर खिळून राहते.

मराठी वाचकांपैकी पुष्कळांची या कथेशी ओळख कोरियन रूपातून झाली असेल. २०१६ ची 'मून लव्हर्स: स्कार्लेट हार्ट ऱ्यो' ही मालिका याच कादंबरीवरून केलेली, तिच्यात घटना कोऱ्यो राज्याच्या दहाव्या शतकातल्या दरबारात नेल्या आहेत. ती पाहिलेल्यांनी मूळ कादंबरीकडे वळावे असे मला मनापासून वाटते, आणि त्याचे एक कारण शेवटात आहे. चिनी मालिकेतही आणि कोरियन मालिकेतही नायिका अखेरीस आजच्या काळात जागी होते आणि जे घडले त्याच्या खुणा तिला सापडतात. प्रेक्षकाला त्यातून दिलासा मिळतो. तोंग ह्वाच्या पुस्तकात रुओशी परत येत नाही. बादशहापासून दूर, शेवटी नावापुरता नवरा झालेल्या चौदाव्याच्या घरी ती झिजून मरते. शेवटच्या दिवसांत तिने योंगचेंगला लिहिलेले पत्र त्याच्यापर्यंत पोचते खरे, पण ते उघडले जाते तोवर वेळ निघून गेलेली असते. शेकडो वर्षांनंतरचे सगळे जिला ठाऊक होते तिच्या हाताने लिहिलेला एक कागद काही दिवस उशिरा वाचला जातो आणि त्यातच सगळे संपते. हा शेवट मला मालिकांच्या शेवटापेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो. तिला आजच्या काळात परत आणले असते तर आधीची सारी वर्षे एक लांबलेले स्वप्न ठरली असती, तेराव्याची कैदही आणि युथानचे मरणही. लेखिकेने चांग श्याओला विसरण्याची जी चूक मधल्या भागात केली तीही शेवटी वेगळ्या अर्थाने उपयोगी पडते: या बाईला परतायला दुसरे आयुष्य उरलेलेच नाही, त्यामुळे तिच्या हातून जे घडले त्यातून तिची सुटकाही नाही.

मराठीत अशी कादंबरी कोणी लिहायला घेतली तर तिच्यासाठी जागा तयार आहे. भिंगारची छावणी आहे, चांदबिबीचा शेवटचा वेढा आहे, आणि रघुनाथरावांनी जिथे डिसेंबर १७८३ मध्ये प्राण सोडला ते गोदाकाठचे कोपरगाव आहे. तोंग ह्वाकडून घ्यावे ते शेवट माहीत असण्याचे ओझे आणि चहाच्या तबकाइतके बारीक, नोकरीतले निरीक्षण. तिने सोडून दिलेले धोबीखाने, वैरण आणणारी माणसे आणि नायिकेचे स्वतःचे घर हे मात्र इथल्या लेखकाला स्वतः मिळवावे लागेल. नगर जिल्ह्यात दुष्काळ, छावण्या आणि कैद यांच्या आठवणी अजून गावोगाव निघतात, तेव्हा ते मिळवणे त्याला अवघड जाऊ नये.